नऊ हजार किंवा एक नाव

"बोला, लग्नाचे फोटो काढायचे किती घेता?" नवरीमुलीच्या आईसारखं नाक वर करून डॅनाने विचारलं.

तिच्या आईने, मार्गितने, लाटणं बाजूला ठेवलं. ॲप्रनला हात पुसले, मान ताठ केली. "तीन हजार डॉलर," ती म्हणाली, आणि डॅना काही बोलायच्या आतच पुढे, "पण तुमची अडचण असेल तर बघू की काहीतरी."

"झालं! आई, तूच उतरलीस. समोरची बाई अजून गप्पच आहे."

"तुझं तोंड बघून मला वाटलं, जास्तच सांगितले."

"भाव सांगितला की तोंड मिटून बसायचं. हे मला कुणी शिकवलं?"

"शिकवायला काय जातंय?" मार्गितने पुन्हा पोळी लाटायला घेतली. "मला कुठे कुणी कधी भाव विचारलाय?"

तो गुरुवार होता. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये लग्न होतं आणि मार्गितच्या वाट्याला कोलाची, म्हणजे आक्रोडाचं सारण भरलेल्या गोड गुंडाळ्या, आल्या होत्या. यंग्सटाउनच्या आसपास लग्नात एक वेळ केक नसला तरी चालतो. कुकींचं टेबल रिकामं दिसलं तर लोक वर्षभर नावं ठेवतात. त्यामुळे चर्चमधल्या सगळ्या बायका आठवडाभर आपापल्या घरी पीठ मळत होत्या, आणि या दोघींच्या, म्हणजे ह्रिवनाकांच्या, स्वयंपाकघरात खुर्च्यांवरसुद्धा पत्र्याचे डबे होते.

डॅनाने विमा कंपनीतली नोकरी सोडली होती. वसंतापासून ती स्वतःच्या नावाने लग्नाचे फोटो काढणार होती आणि दरपत्रक तेवढं लिहायचं राहिलं होतं. कॅमेरा धरायला ती आईकडूनच शिकली होती. मार्गित सव्वीस वर्षं रेमंड टुसिनच्या हाताखाली दुसरा कॅमेरा सांभाळत होती. त्या भागात लग्न म्हटलं की टुसिन स्टुडिओ. रेमंड वेदीसमोर उभा राहायचा. मार्गितच्या वाट्याला जिने, मागच्या खोल्या आणि स्वयंपाकघर.

झोपायला जाताना मार्गित दारात थांबली. "उरलेल्या सकाळी लाटू. आणि तीन हजारच लिही, कमी नको. मी गप्प बसायचा सराव करते."

शुक्रवारी सकाळी ती उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, तिला काही कळलंही नसेल. संध्याकाळी चर्चमधल्या बायका आल्या, रडल्या, आणि जाताना डॅनाला विचारून कोलाचीचे डबे घेऊन गेल्या. शनिवारी लोकांनी त्या खाल्ल्या. ते लग्न टुसिन स्टुडिओचंच होतं. मार्गितच्या जागी रेमंडने दुसरं कुणीतरी उभं केलं होतं.

दफनाच्या दिवशी त्याच्याकडून मोठं पुष्पचक्र आलं. रिबिनीवर सोनेरी अक्षरं होती: 'आमची लाडकी मदतनीस मार्ज हिला.'

मार्ज! तिला या नावाने हाक मारणारा जगात तो एकटाच होता. पण डॅनाला खटकला तो त्याच्या आधीचा शब्द. मदतनीस. तिने रिबीन सोडवली, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. तिला रडू आलं नाही. खिशातल्या त्या घडीवर हात ठेवून ती सगळा वेळ उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिला एक काम मिळालं.

टुसिन स्टुडिओच्या खिडकीत एक फोटो होता. गावातल्या प्रत्येक मुलीने तो लहानपणापासून पाहिलेला. चर्चच्या हॉलचं स्वयंपाकघर. दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसलेली नवरी, पायात बूट नाहीत, ओठांवर पिठीसाखर, आणि भोवती ॲप्रन बांधलेल्या बायका, सगळ्या वर बघून एकदम हसताहेत. त्या फोटोला राज्यातलं पहिलं बक्षीस मिळालं होतं. खालच्या कोपऱ्यात सही: रेमंड टुसिन. तो मार्गितने काढला होता.

खिडकीत तो पहिल्यांदा दिसला तेव्हा डॅना बारा वर्षांची होती. गाडी सिग्नलला उभी होती. तिने दार उघडायला हात घातला तशी आईने तिचं मनगट धरलं. "काही बोलायचं नाही. घराचं भाडं तिथून येतं." सिग्नल सुटला. त्यावर त्या दोघी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

आता भाड्याचा प्रश्न नव्हता. डॅनाने दरपत्रक उघडलं, आईचे तीन हजार खोडले आणि दोन हजार लिहिले. रेमंड चार घ्यायचा. त्याच्या बरोबर निम्मे. त्याच्या दारात जाणारी प्रत्येक नवरी आधी आपल्या दारात थांबली पाहिजे, एवढाच तिचा हिशोब होता.

आणि त्या थांबल्या. उन्हाळाभर एक शनिवार मोकळा गेला नाही. टुसिन स्टुडिओवरून जाताना ती गाडी मुद्दाम हळू करायची. काउंटरवर एकटा बसलेला रेमंड काचेतून दिसला की तिला त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं.

ऑक्टोबरात एका नवरीच्या आईने अल्बम उघडला, चाळला आणि म्हणाली, "छान आहेत हो. तुमच्या दराच्या मानाने फारच छान. चांगलंच करायचं असतं तर टुसिनकडेच गेलो असतो. पण आमचं बजेट तेवढं नव्हतं."

डॅना हसून बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली. इतके महिने कंबर मोडेपर्यंत राबून तिने काय केलं होतं? रेमंडला 'चांगला' आणि स्वतःला 'परवडणारी' केलं होतं. आईचंच आयुष्य ती पुन्हा जगत होती, फक्त आता मालक नव्हता.

फेब्रुवारीत रेमंड स्वतः घरी आला. केस पांढरे, कोट भारी, हातात टोपी. आईच्या नेहमीच्या खुर्चीवर बसला.

"पोरी, बरं चाललंय तुझं. माझे निम्मे शनिवार तू खाल्लेस."

"तुमच्यासाठी काय करू, मिस्टर टुसिन?"

"जूनमध्ये जेमाचं लग्न आहे. बापाने लेकीच्या लग्नात कॅमेरा धरायचा की तिचा हात? मी तिला दहा नावं सांगितली. तिला तूच हवी आहेस. मैत्रिणीच्या लग्नात तुझं काम पाहिलंय म्हणे." त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. "तुला रीत माहीतच असेल. धंद्यातलं माणूस असलं की आपण एकमेकांच्या घरचं कार्य जेवणावर करतो. पुढे कधी तुझं लग्न झालं तर..."

"नऊ हजार," डॅना म्हणाली.

आणि तोंड मिटलं.

फ्रीज घरघरत होता. रेमंड हसला, मग हसायचा थांबला. "नव्हे, रीत काय आहे ते मी सांगतोय तुला." ती गप्प. "अगं, मी स्वतः चार घेतो! नऊ म्हणजे काय, चेष्टा आहे?" ती गप्प. त्याने खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "तुझी आई असती तर तिने असं केलं नसतं."

"नसतं केलं," डॅना म्हणाली. "दुसराही एक भाव आहे. एक डॉलरही नको, जेवणसुद्धा नको. तुमच्या खिडकीतल्या फोटोवरची सही काढा आणि तिथे मार्गित ह्रिवनाक असं लिहा."

रेमंडचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण तो चिडला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने टोपी टेबलावर ठेवली. मग कोटाच्या आतल्या खिशातून त्याने चेकबुक काढलं.

"नऊ ना?" त्याने विचारलं.

तो गेल्यावर डॅना चेककडे बघत राहिली. आईच्या नावाची किंमत आज पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिली होती. ते एक नाव लिहावं लागू नये म्हणून माणूस नऊ हजार मोजायला तयार होता, आणि ती बाई आयुष्यभर 'बघू की काहीतरी' म्हणत राहिली. त्याच दुपारी तिने जुनं दरपत्रक फाडलं. नवीन दर रेमंडहून पाचशेने जास्त लिहिला. फोनवर कुणी विचारलं की ती आकडा सांगायची आणि गप्प बसायची. काहींनी फोन ठेवले. काहींनी ठेवले नाहीत.

जेमाच्या लग्नाच्या दिवशी तिने ठरवून एक दुष्टपणा केला. रेमंड प्रत्येक फोटोत आला, पण पुरता कुठेच नाही. चर्चच्या पायऱ्यांवर त्याची बाही. वेदीपाशी अर्धा खांदा. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना त्याचे डोळे भरून आले होते. डॅनाने कॅमेरा दोन बोटं डावीकडे नेला आणि तिथे फक्त हात उरले. सव्वीस वर्षांच्या अल्बमांत माझी आई जेवढी आहे तेवढाच तू असशील, ती मनात म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं.

एकच गोष्ट टोचत होती. जेमा चांगली मुलगी होती. सकाळी तयार होतानाच तिने विचारलं होतं, "तू काही खाल्लंस का गं? आधी खा, मग माझ्या केसांचे फोटो काढ." कितीतरी लग्नांत डॅनाला हे कुणी विचारलं नव्हतं.

जेवणं झाली. कुकींच्या टेबलावर झुंबड उडाली. म्हाताऱ्या बिनदिक्कत पर्समधून डबे काढून भरत होत्या. तेवढ्यात जेमाने बूट हातात घेतले आणि बापाचा दंड धरला. "चला बाबा, स्वयंपाकघरात. मला तो फोटो हवाय. खिडकीतला. लहानपणापासून ठरवलंय मी."

"आता नको राणी, पाहुणे आहेत..."

"पाहुणे कुकी चोरताहेत, त्यांना आपली आठवणसुद्धा नाही. डॅना, ये ना!"

चर्चच्या हॉलचं ते स्वयंपाकघर अजून फोटोतल्यासारखंच होतं. फोटोतल्या बायकांपैकी तेता ज्युलिया, म्हणजे सगळ्यांची ज्युलिया मावशी, आता ऐंशीला टेकली होती तरी पिठीसाखर चाळत होती. जेमा पालथ्या क्रेटवर बसली. बायका हसत, एकमेकींना ढकलत भोवती गोळा झाल्या. मागचं दार उघडं होतं आणि जूनचं लांबलेलं ऊन थेट नवरीच्या तोंडावर पडलं होतं.

"बाबा, तुम्ही कुठे उभे होतात? डॅनाला दाखवा, म्हणजे अगदी तसाच येईल."

रेमंडने इकडेतिकडे पाहिलं. ओट्याकडे, कपाटाकडे. त्याची नजर एकदा डॅनाला चाटून गेली. मग तो मागच्या दाराकडे वळला. "इथे," तो म्हणाला. "इथून, दारातून." आणि तो दारात जाऊन उभा राहिला.

ऊन गेलं. नवरीचा चेहरा, भोवतीच्या बायका, क्रेट, सगळं एकदम काळवंडलं.

"अरे रेमंड, दारातून हो की बाजूला!" तेता ज्युलिया चाळण आपटत म्हणाली. "पोरीचं तोंड दिसेनासं झालं. आणि तू कशाला तिथे होतास? तू बाहेर बारपाशी होतास त्या दिवशी. मला चांगलं आठवतंय, मीच तुला हाक मारून दमले होते."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. जेमा बापाकडे बघत होती. तिच्या ओठांवर पिठीसाखर होती, आणि हसू अजून तिथेच होतं, फक्त त्याला आता काय करावं ते कळत नव्हतं.

डॅनाला अजूनही गप्प बसता आलं असतं. फोटो काढून बाहेर जाता आलं असतं. चेक कधीच वटला होता. तिला मनगटावर आईची बोटं जाणवली, तशीच घट्ट. ती भांडी घासायच्या मोठ्या सिंकपाशी गेली, बूट काढले आणि सिंकच्या काठावर चढून उभी राहिली. खिडकीतल्या फोटोत सगळ्यांच्या नजरा जिथे वर वळलेल्या होत्या, बरोबर तिथे. दारातला माणूस हलला आणि ऊन परत आलं.

"इथून," ती म्हणाली. "जेमा, तो फोटो तुझ्या बाबांनी काढलेला नाही. तो माझ्या आईने काढला. मार्गित ह्रिवनाकने."