कपाच्या तळाशी

"एवढी दुकानं पालथी घालून शेवटी घोटभर कॉफी, आणि तीही निम्मी गाळच," सरोजिनीबाई माझ्या दांड्याशेजारी पुटपुटल्या. गाळावरून बोलणी खायची मला सवय आहे.

मित्रांनो, मी एक जुना कॉफीचा चंबू आहे. अंगाने तांब्याचा, जन्माने तुर्की. एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि नेर्मिनबाईंच्या सामानातून मी सिंगापूरला आलो. अरब स्ट्रीटजवळ त्यांची छोटी खानावळ. खरेदी करून पाय दुखलेले पाहुणे इथे टेकतात. मसुराचं सूप, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पाकात भिजलेला बकलावा, आणि शेवटी मी. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. मग विजेचं कॉफीयंत्र आलं आणि मी वरच्या फळीवर काळा पडत राहिलो.

१९९६ सालच्या त्या दुपारी सिंगापूरच्याच बिशान भागात राहणाऱ्या विद्याने मुद्दाम जुन्या पद्धतीची कॉफी मागितली, म्हणून नेर्मिनबाईंनी मला लिंबू-मीठ लावून घासलं. सोबत तिच्या सासूबाई, म्हणजे सरोजिनीबाई, आणि आठ वर्षांची लेक उल्का. विद्या काउंटरपाशी येऊन हलकेच सांगत होती, "सकाळी सासूबाईंनी हिरवी म्हणून निळी साडी घेतली. मी गुपचूप बदलून आणली. शनिवारी सांगलीला परत जाणार, तिथे एकट्या. गॅस स्वतः पेटवतात. नवरा बोटीवर नोकरीला, फोनवर म्हणतो, आईला दुखवू नकोस."

मित्रांनो, भांडं काळवंडलं की तुम्ही लगेच घासायला घेता. माणसाच्या बाबतीत मात्र सगळे नुसते बघत राहता. तसं करू नका.

कॉफी संपल्यावर नेर्मिनबाईंनी तुर्की रीतीप्रमाणे कप बशीवर पालथे घातले. थोड्या वेळाने उलटले, की गाळाची चित्रं उमटतात. ज्याने त्याने आपल्या कपात काय दिसतं ते सांगायचं.

"मला शार्क," उल्का म्हणाली.

"मला घोडा. की तुझे बाबा," विद्या हसली.

"आजी, युअर टर्न, ला," उल्का सिंगापुरी ढंगात म्हणाली.

सरोजिनीबाईंनी कप डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. विद्या घाईने म्हणाली, "आई, बकलावा घ्या ना अजून." नेर्मिनबाई उगाच टेबल पुसू लागल्या.

"थांब गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला, चाचपत विद्याचा हात शोधला. "साडी तू बदललीस, ते मला कळलं. पोत वेगळा लागला हाताला. विद्या, मला नीट दिसत नाही. शनिवारचं तिकीट पुढे ढकल आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."