भुंग्याच्या पेटीला लागलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी, कमरेत तडकलेली पेटी आहे. करड्या रंगाची, जाळीच्या दाराची. कुत्र्यामांजरांना विमानातून नेण्यासाठी माझा जन्म झाला. कारखान्यात तापलेल्या प्लास्टिकमधून माझे दोन भाग निघाले, एक खालचा, एक वरचा, आणि आठ नटबोल्टांनी ते एकत्र जोडले गेले. दुकानदार माझ्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचा, "हत्ती उभा करा हिच्यावर!" मी उगाच फुगायची.

मला आजोबांनी विकत घेतले. उभा जन्म त्यांनी गोदाम सांभाळण्यात घालवला होता. कुलूप लावायचे आणि तीनदा ओढून पाहायचे, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. घरातला साखरेचा डबाही त्यातून सुटला नव्हता. आता ते परदेशी लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. सोबत होता भुंगा, त्यांचा काळाभोर, म्हातारा कुत्रा. आजी गेल्यापासून हे दोघेच एकमेकांना धरून होते.

विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी बजावले, "काका, दाराला कुलूप नको हं. वाटेत पाणी द्यावं लागतं."

"छे हो, कुलूप कशाला?"

न्यायला आलेली लेक हसली. "बाबा, हे तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतेय!"

पण मला ढकलगाडीवर चढवताना आजोबा "एकदा बघून घेतो" म्हणत वाकले. खिशातून छोटे पितळी कुलूप काढून त्यांनी माझ्या कडीत अडकवले आणि नावाची चिठ्ठी त्यावर ओढून घेतली. तीनदा ओढून पाहिले. "आता तुला कोणी हात लावणार नाही, राजा," ते कुजबुजले. त्यांच्या मायेत खोट नव्हती. मला मात्र काउंटरवरच्या बाईंचे बोलणे आठवले.

विमानात आमच्या जागी काळोख होता. यंत्रे गरजू लागली तसा भुंगा थरथरू लागला, आणि ती थरथर माझ्या भिंतींत उतरली. पहिल्याच हिसक्याला पाण्याची वाटी उलटली. भुंगा आधी रडला. मग ओली जाळी चाटत राहिला. मग गप्प झाला. मित्रांनो, त्याच्या रडण्यापेक्षा त्या गप्प होण्याची मला जास्त भीती वाटली.

अर्ध्या वाटेवर विमान बदलायचे होते. मला पत्र्याच्या शेडमध्ये उतरवले. शेड भट्टीसारखी तापली होती. पाण्याचा कॅन घेऊन एक कामगार बाई आली आणि जाळीतून डोकावली.

"अगं बाई, याची जीभ बघा केवढी बाहेर आलीय!" तिने कडीला हात घातला आणि ती थबकली. "कुणा शहाण्यानं कुलूप ठोकलंय!"

"किल्ली?" तिच्या जोडीदाराने विचारले.

"मालकाच्या खिशात असणार. पण मालक सापडेपर्यंत हा राहील का?"

तिने जाळीतून पाणी ओतले. ते नुसतेच वाहून गेले. भुंगा मागच्या कोपऱ्यात पडला होता, मान उचलत नव्हता.

"पाना आण, वरचा भागच काढू."

सहा नट निघाले. दोन घट्ट बसलेले जागचे हलेनात. जोडीदाराने फटीत लोखंडी सळई घातली. "मोडेल हं ही."

"मोडू दे! पेट्या दुकानात मिळतात."

खोटे कशाला सांगू, मी घाबरले. घट्ट धरून राहायचे, एवढेच मला ठाऊक होते. पण आतली धाप तुटत चालली होती. कडाड आवाज झाला आणि मी कमरेत उकलले.

बाईने भुंग्याचे डोके मांडीवर घेतले. ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसले, बोटाने जिभेवर थेंब सोडले. एक, दोन, कितीतरी. शेवटी त्याने एक घोट गिळला. तो सावरल्यावर त्यांनी त्याला पुन्हा माझ्यात ठेवले आणि मला दोरीने आवळून पुढच्या विमानात चढवले.

लेकीच्या देशातल्या विमानतळावर दोरीने आवळलेल्या, फुटलेल्या मला पाहून आजोबा धावतच आले. कुलूप मात्र शाबूत होते. त्यांनी किल्ली लेकीच्या हाती दिली आणि तिने कुलूप उघडले.

"भुंग्या..."

आत शांतता. मग शेपटी आपटल्याचा बारीक आवाज आला. टप्. पुन्हा टप्. आजोबा लहान मुलासारखे रडले.

आता मी माळ्यावर असते. कधी खाली काढले तर भुंगा मला पाहून पलंगाखाली दडतो. मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, मुक्या जिवाला प्रवासाला न्याल तेव्हा पेटीला कडी जरूर घट्ट लावा. फक्त ती अशी असू द्या, की तहानेच्या वेळी परक्याचाही हात आत पोहोचेल.