सात पानांची फांदी

पेइहुआच्या भिंतीवरून लाल बोंडं डोकावायला लागली की सुवानचं डोकं फिरायचं.

एरवी बाई शहाणी होती. हुआइआनच्या कापडगिरणीत जन्म घालवला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कालव्याकाठच्या त्या गल्लीत तिने खारवलेल्या बदकाच्या अंड्यांना मागणी असायची. पण थंडी पडली की थोरल्या जावेच्या, पेइहुआच्या अंगणातला गुलाब बोंडांच्या, म्हणजे फळांच्या घोसांनी लालेलाल व्हायचा. नव्या वर्षाला पेइहुआ त्यातला एक घोस दारावर लावायची आणि येणारीजाणारी म्हणायची, "थोरलीच्या घरचा गुलाबसुद्धा लेकुरवाळा हो!" पेइहुआ गालात हसायची. ते हसू सुवानला महिनाभर पुरायचं.

कारण गुलाब दोघींकडे होता, आणि एकाच झाडाचा. सासूबाईंच्या अंगणातलं ते झाड त्यांच्याही सासूच्या हातचं. फिकट गुलाबी, आत पाकळ्यांची नुसती दाटी, आणि वास असा की चहाचा डबा उघडल्यासारखं वाटावं. सरकारने जुनी गल्ली पाडायचं ठरवलं तेव्हा म्हातारीने झाडाची वाटणी केली. थोरल्या सुनेला दिलं जंगली गुलाबाच्या खुंटावर या झाडाचा डोळा भरलेलं कलम, रोपवाल्याकडून करवून घेतलेलं, चांगलं कमरेएवढं. धाकटीच्या हातात ठेवली एक फांदी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. "लाव," म्हणाल्या. बस, एवढंच.

सुवानने ती लावली, जगवली, वाढवली. अंगणात ऊन येणारी एकच जागा होती, ती तिला दिली. झाड फुलायचंही भरभरून, पण बोंड म्हणून धरायचं नाही. एका वर्षी तिने सुकलेलं एकही फूल खुडलं नाही, वाट पाहिली. देठ पिवळे पडले आणि गळून गेले.

सुवानला मूल नव्हतं. म्हणजे काय ते तिने आपल्याशी ठरवूनच टाकलं.

"वांझेला वांझ फांदी दिली तुमच्या आईने," एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली.

चोंगशानने भाताचा वाडगा खाली ठेवला. "अगं, आई असला विचार करणारी होती का?"

"तुमची आई होती ती. माझी सासू होती."

त्याने पुन्हा वाडगा उचलला.

त्यात पेइहुआचं वागणं. गेल्या काही वर्षांत वसंत आला की तिचं फाटक बंद. कुणी गेलं तर बाहेरच बोलणं, आत बोलावणं नाही. आणि सासूबाईंच्या श्राद्धाला कबरीवर त्यांच्याच गुलाबाची फुलं वाहायची, तर निरोप यायचा, "फुलं तूच आण गं सुवान." म्हणजे बोंडं मिरवायची हिने आणि काटे टोचून घ्यायचे मी, असं म्हणत सुवान दरवर्षी परडी भरायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, आलुबुखार पिकतात तेव्हा, तिकडे झड लागते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरा येतो, आणि खोचलेली काठीही मूळ धरते. फांद्या लावायचे दिवस हेच. अशाच एका दुपारी सुवान छत्री घेऊन पेइहुआच्या भिंतीखालून चालली होती, आणि वरून एक फांदी तिच्या छत्रीला अडकली. तिच्या टोकाला बारीक हिरव्या बोंडांचा घोस होता.

गल्लीत कुणी नव्हतं. तिने फांदी मोडली आणि छत्रीत लपवून घरी आणली.

घरी आल्यावर तिने ती नीट पाहिली. तिच्या झाडाच्या एका देठावर पाच पानं असायची, कधी तीनच. या फांदीच्या देठावर सात होती. इतकी वर्षं झाडांत हात घातलेली बाई, पण तिला शंका आली नाही, संताप आला. पानंसुद्धा हिलाच जास्त!

मग तिने पुढचा विचार केला नाही. कुदळ घेतली आणि उन्हाच्या जागेवरचं आपलं झाड मुळासकट उपटलं. बुंधा कचऱ्याच्या गाडीत गेला. तिथे चोरलेली फांदी लावली, आणि गल्लीतल्या मांजरांनी उकरू नये म्हणून उपटलेल्या झाडाच्याच काटेरी काड्या तोडून भोवती कुंपणासारख्या खोचल्या. चोंगशान दारातून बघत होता. "चांगलं फुलत होतं की गं," तो म्हणाला.

"फुलून काय उपयोग?"

फांदीने मूळ धरलं. झड संपता संपता नवी पालवी आली. सुवान सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी बसायची आणि पुढच्या थंडीत आपल्या दारावर लागणारा घोस मनातल्या मनात बघायची. गल्लीतल्या बायका काय म्हणतील तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी पेइहुआ रिकामी परडी घेऊन स्वतःच आली. आणि अंगणात पाय टाकून थबकली.

"सुवान, झाड कुठाय?"

"काढलं."

"काढलं म्हणजे?"

"उपटून टाकलं, ताई. वांझ होतं. बोंड धरत नव्हतं." सुवानने हनुवटी वर केली. "तुमच्यासारखं नशीब नाही आमचं."

पेइहुआ उंबऱ्यावरच बसली. तिची नजर नव्या रोपावर गेली, आणि ती पानं मोजतेय हे सुवानला दिसलं. आता ही चोरी काढणार, तर काढू दे, अशा तयारीने ती उभी राहिली. पण पेइहुआ रडायला लागली.

"माझं केव्हाच मेलं गं. कालवा गोठला होता त्या वर्षी. वरचं कलम काळं पडलं. वसंतात खालून फूट आली, मी वेडी खूश झाले. फुलं आली तर पांढरी, पाच पाकळ्यांची, नखाएवढी! आठवड्यात खलास. तो खुंट गं तो, जंगली. बोंडं त्यालाच लागतात, ढिगाने लागतात."

"आणि आपल्याला?"

"आपल्या गुलाबाला कधी लागली? त्याचे केसरच पाकळ्या होऊन बसतात, बी धरणार कुठून? आईंनी सांगितलं होतं मला."

सुवानला सासूबाईंच्या अंगणातलं झाड आठवलं. सुकलेलं फूल म्हातारी झाडावर राहूच देत नसे, पहाटेच खुडून टाकायची. त्यामुळे बोंडं धरतात की नाही, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

"मग मला नुसती फांदी का दिली?"

पेइहुआने डोळे पुसले. "त्यावरून भांडले होते मी आईंशी. त्या म्हणाल्या, तुझ्या हाताला फांदी लागत नाही, म्हणून तुला विकतचं कलम. सुवान जगवेल, तिच्याकडे आपल्या मुळावर उभं राहू दे, ते टिकेल. इतका राग आला होता तुझा! माझं मेलं ते कुणाला सांगवलं नाही. फाटक लावून बसायची. म्हटलं, तुझ्याकडे आहे ना, आहे तोवर आहे."

म्हातारीने सगळ्या घरात एकटीवर भरवसा टाकला होता, आणि त्या एकटीने तो कचऱ्याच्या गाडीत घातला होता. ती जंगली रोपासमोर बसली आणि ते खसकन उपटलं.

पाठोपाठ कुंपणाची, जुन्या झाडाची एक काडी हलली. सुवान ती फेकायला गेली आणि तिचा हात थांबला. काडीच्या काट्याशेजारी एक तांबूस कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीच्या काड्या तिने एकेक करून पाहिल्या. सगळ्या वाळल्या होत्या.

"धरलंय?" पेइहुआ धडपडत उठली आणि तिने हात पुढे केला.

सुवानने तो चापट मारून बाजूला केला. "हात लावू नका, ताई. एक मारलंत, पुरे."

"आणि तू?"

सुवानने काडीभोवती माती दाबली.

दुसऱ्या दिवशी कबरीवर पहिल्यांदाच गुलाब नव्हता. धूप लावला, भात-मासळी मांडली. मोठ्या नणंदेने विचारलंच, "फुलं कुठायत यंदा?"

सुवानचं तोंड उतरलं. पण तिच्याआधी पेइहुआ बोलली, "यंदा नाहीत. आपलं झाड अजून लहान आहे. दोन वर्षांनी आणू."

आपलं म्हणे! अंगण माझं, ऊन माझं, काडी मी खोचलेली, आणि म्हणते आपलं! सुवानच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं, आणि धुपाच्या काड्या जावेच्या हातात दिल्या.