तिसऱ्या पायरीवरचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. चढणीच्या गल्लीतली, खालून तिसरी. माझ्या कडेला ओंजळीएवढा खळगा आहे. तो कशाचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. मध्यंतरी मात्र माझाच गोंधळ उडाला.

पाथरवटाने मला घडवलं तेव्हा मी सपाट होते. एका घराचं दार थेट माझ्यावरच उघडतं. तिथली सासू सकाळी माझ्यावर पाणी शिंपडी आणि सुरीला धार लावी. तिच्यामागून तिची सून धार लावू लागली. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. दोघींच्या हातांनी मी कणाकणाने झिजले, पण कधी दुखलं नाही.

मग आमचं जुनं शहर पाहायला लोक येऊ लागले. त्यांना हिंडवणाऱ्या वाटाड्याला गल्ली पोपट म्हणे. त्याने ठोकून दिलं, "ही राजाच्या घोड्याची टाप! इथे पाय ठेवला की माणूस पुन्हा या शहरात येतो."

आक्का खिडकीतून ओरडली, "अरे, घोडा कसला? माझ्या सासूची सुरी ती!"

"आक्का, सुरी बघायला कोण येणार?" पोपट हसला.

रोज शेकडो पाय पडू लागले. खोटं कशाला बोलू, कौतुकाने मी फुलून गेले. घोडा आला असेलही, मीच विसरले असेन, असं वाटू लागलं. आणि एके दिवशी खळग्यातून भेग गेली.

जतन खात्याचे साहेब आले. त्यांनी जिना दोरीने बंद केला, पाटी लावली, 'पाय ठेवू नये.' मला हायसं वाटलं. पण आक्काचं दारही अडलं. मागच्या दाराने सगळ्या गल्लीला वळसा घालताना तिचे गुडघे रडकुंडीला येत.

"दगडाला विश्रांती आणि मला वनवास! त्यापेक्षा जाते लेकीकडे," ती म्हणाली. तिने ट्रंक भरली.

मला काही कळेना. मला वाचवायचं म्हणजे आक्काला घालवायचं?

निघायच्या दिवशी ती सुरी घेऊन दार उघडून बाहेर आली. भेग तपासायला आलेले साहेब धावले. "आजी, ऐतिहासिक खळगा आहे तो!"

"केलाय कुणी?" म्हणत तिने सुरीचं पातं खळग्यात ठेवलं. ते अगदी चपखल बसलं.

साहेब वाकून बघतच राहिले. "मग घोडा?"

"घोडा काय भाजी चिरत होता?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी दोरी सरकवली. बघ्यांना खाली थांबवलं, आक्काच्या दारापुढे वाट मोकळी केली. ट्रंक पुन्हा आत गेली.

दुसऱ्या सकाळी आक्काने माझ्यावर पाणी शिंपडलं. सुरी टेकवली, भेगेकडे पाहिलं आणि सुरी बाजूला ठेवली. मग नुसताच हात फिरवला.

मित्रांनो, मला जपावं की वापरावं, हे मला अजून उलगडलेलं नाही. एवढंच मागते, जुनं काही वाचवायला दोरी घेऊन याल, तेव्हा आधी शेजारचं दार ठोठवा. आत कोणी राहत असेल.