यादीतली पहिली वस्ती

मुख्य अभियंत्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट बटणावर नेऊन ठेवलं.

"मॅडम, मागणीचा आकडा चढतोय. आणखी दोन टक्के, की मी पहिल्या वस्तीची वीज बंद करणार."

"चार मिनिटं थांबा."

"अकरा वर्षं थांबलोच आहे की."

नियंत्रणकक्षात कोणीतरी खाकरलं. प्राध्यापक बाईंनी टोमणा गिळला. अकरा वर्षांत अठ्ठावीस शोधनिबंध झाले, पण साहेबांचा शेरा एकच होता : कागदी घोडे. आज ते घोडे पहिल्यांदाच रस्त्यावर सोडले होते. नऊ हजार घरांतले एसी, फ्रिज आणि पाण्याचे पंप बाईंच्या प्रणालीला जोडले होते. वीज कमी पडू लागली की कोणाचीच लाईट घालवायची नाही. ही यंत्रं तेवढी आळीपाळीनं पाच-पाच मिनिटं थांबवायची. एकाला उपाशी ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी एकेक घास कमी खायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. बाकीची समीकरणं परीक्षकांसाठी.

टेबलाच्या काचेखाली साहेबांची यादी होती : कोणती वस्ती आधी बंद करायची. बारा नावं. त्यांचा हिशेब बाईंनी केव्हाच ओळखला होता. ज्यांचा फोन मंत्र्यापर्यंत पोचतो ते तळाशी, ज्यांचा कुठंच पोचत नाही ते वर. सगळ्यात वर शिवणकाम करणाऱ्यांची वस्ती. तिथून साहेबांकडे कधी तक्रार आली नाही. ती थेट बाईंकडे यायची.

"प्रोफेसरीणबाई, गेली तुमची लाईट," त्याच वस्तीत मशीन चालवणारी बाईंची थोरली बहीण, ताई, फोनवर म्हणायची. "तुझं ते सोन्याचं पदक दे पाठवून. त्याच्या उजेडात काजं करते."

भिंतीवरच्या पडद्यावर मागणीची रेघ चढत होती. एक टक्का उरला. मग अर्धा. साहेबांचं नख पांढरं पडलं.

रेघ अडखळली. जिन्यात धाप लागलेल्या माणसासारखी क्षणभर थांबली आणि निमूट उतरू लागली.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आकडा दोनदा वाचला.

"मीटर बिघडलं नाही ना?"

"दुसरंही तेच सांगतंय, साहेब," ऑपरेटर म्हणाला.

"किती घरं बंद झाली?"

"एकही नाही."

साहेबांनी बोट उचललं. मग काच उचलली, यादी काढली, तिची घडी घालून बाईंपुढे धरली.

"संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मी परत मागितली नाही, तर तुमचीच."

बाई व्हरांड्यात आल्या. तीन वाजून दहा मिनिटं. रोज याच सुमाराला वाजणारा फोन आज गप्प होता. शेवटी त्यांनीच लावला. ताईनं बऱ्याच वेळानं उचलला.

"काय गं, भर दुपारी?"

"सहज. लाईट आहे ना?"

"आहे की. नसायला काय झालं?" मागे मशीन धडधडत होतं. "चाळीस गणवेश उद्या द्यायचेत. तुला नसेल काम, मला आहे. ठेव आता."

पण फोन बंद करायला ताई विसरली. बाईंनीही तो केला नाही. याच आवाजाशेजारी बसून त्यांनी सगळा अभ्यास केला होता. लाईट जाऊन तो मध्येच तुटला की वही मिटायची.

आवाज थांबला. बाईंची मूठ यादीवर आवळली.

कात्रीनं दोरा कापल्याचं ऐकू आलं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.