पिवळी छत्री आणि कड्यावरचा दरवाजा

मी एक जुनी छत्री आहे, पण मित्रांनो, पावसाची आणि माझी ओळख अगदी नावापुरतीच आहे. इतर छत्र्या आपापल्या धुवांधार सरींच्या गोष्टी सांगू लागल्या की मी गप्प बसते. माझं आयुष्य गेलं ते दूरच्या बेटांवर, खाऱ्या वाऱ्यात आणि फार फार जुन्या दगडांच्या सोबतीत. लोकांना कोरडं ठेवणं हे माझं काम नव्हतंच. लोकांनी वाट चुकू नये, हे माझं काम होतं.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथे एक नवरा-बायको छत्र्या बनवत. नवरा काड्या बसवायचा आणि बायको खिडकीपाशी बसून कापड शिवायची. एके दिवशी काळं कापड संपलं. कोपऱ्यात कुणाच्या तरी पडद्यांतून उरलेला एक पिवळाधमक तुकडा होता. तो उचलून ती माउली शिवायला बसली.

"अगं, ही असली छत्री घेणार कोण?" नवऱ्याने विचारलं.

"घेईल कुणीतरी. सगळ्या जगाला काळंच आवडतं, असं कुठे लिहून ठेवलंय?" ती म्हणाली आणि तिने शेवटचा टाका घातला.

खरं सांगायचं तर नवऱ्याचं म्हणणं बरेच दिवस खरं ठरलं. दुकानात मी नुसती टांगलेली होते. गिऱ्हाइकं येत, मला उघडत, हसत आणि काळी छत्री घेऊन जात. "उघडली की लिंबू, मिटली की केळं!" असं एक जण म्हणाला, तेव्हा सगळं दुकान हसलं. मला मात्र रडू आलं.

मग एक दिवस गाइडताई आल्या. जवळच्या धक्क्यावरून बेटांच्या सहली निघत, तिथे लोकांना फिरवून आणायचं काम त्या करत. आवाज खणखणीत, चाल भरभर, पण उंची बेताची. चार उंच माणसं पुढे उभी राहिली की ताई दिसेनाशा व्हायच्या आणि सहलीतले निम्मे लोक भलत्याच घोळक्यामागे चालू लागायचे.

"ही पावसात चांगली टिकेल हं," दुकानदार म्हणाला.

"पावसाचं राहू द्या. लांबून दिसते का, ते सांगा. तुम्ही असं करा, जरा रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा बघू."

बिचारा दुकानदार गेला. ताईंनी मला उघडून उंच धरलं. "दिसतेय, दिसतेय!" तो तिकडून ओरडला. त्याच्या ओरडण्याने अख्खा रस्ता थांबून माझ्याकडे बघू लागला. मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या रंगाचा अभिमान वाटला.

त्यानंतरची वर्षं कशी गेली, कळलंच नाही. सकाळी बोट निघायची. नावाडीमामा सुकाणू धरून बसायचे आणि ताईंचा विनोद संपण्याआधीच हसायचे, कारण तो त्यांना पाठ होता. पहिल्या बेटावर गवतात उभ्या दगडांचं मोठं रिंगण होतं. दुसऱ्या बेटावर वाळूखालून वर आलेली घरं होती. छप्परं केव्हाच गेलेली, पण दगडी पलंग, चूल, भिंतीतला कोनाडा, सगळं जिथल्या तिथे. ताई माझ्या टोकाने एकेक गोष्ट दाखवायच्या. "इथे आई स्वयंपाक करत असेल, आणि इथे नक्की कुणीतरी जेवायला उशीर केला म्हणून बोलणी खात असेल," त्या म्हणायच्या आणि लोकांना ते घर एकदम ओळखीचं वाटायचं. कुणी पलंगावर आडवं व्हायला निघालंच, तर ताई मला आडवी धरून वाट अडवायच्या. "पाहुण्यांनी मालकाच्या पलंगावर झोपू नये," असं म्हणायच्या.

दोन बेटांच्या मध्ये बोट एका गुहेत शिरायची. तिथे पाण्याचा हिरवा उजेड छतावर नाचत असायचा. पुढे काळा कडा लागे आणि त्याच्या फटीफटीत पांढऱ्या पक्ष्यांची घरटी. या पक्ष्यांनी माझ्यावर जे डाग पाडले, त्यांचं वर्णन मी करत नाही. ताई एवढंच म्हणायच्या, "बघा, आमच्या छत्रीचाही उपयोग झाला!"

तिसरं बेट सगळ्यांत लांबचं. तिथे कड्याच्या माथ्यावर दोन उभे दगड आणि त्यांवर आडवा तिसरा, असा एक दरवाजा होता. आतली इमारत कधीच ढासळली होती. दरवाजा तेवढा उरला होता, आणि त्यातून पलीकडे नुसता समुद्र दिसायचा. तो कुणी बांधला, कशासाठी बांधला, हे ठाऊक नाही, असं ताई प्रामाणिकपणे सांगायच्या. दमलेले लोक तिथे पोचले की आपोआप हळू आवाजात बोलू लागायचे.

"छत्रीमागे चला!" ही तेव्हा सहलीची घोषणाच झाली होती. लोक माझ्याबरोबर फोटो काढून घ्यायचे.

पुढे काळ बदलला. कानात घालायची छोटी यंत्रं आली. ताई हळूच बोलल्या तरी सगळ्यांना ऐकू जाऊ लागलं, आणि कुणी चुकलं तर त्याच्या कानातच हाक पोचू लागली. ताईंच्या घशाला आराम मिळाला, याचा मला आनंदच झाला. पण मी सहलीच्या कचेरीत दारामागे जाऊन पडले. कधी खिडकी आपटू नये म्हणून मला मध्ये अडकवत, कधी कपाटाखालची चप्पल ओढायला वापरत. एकदा तर कचेरीतल्या मांजराने माझ्या घडीत बसून छान झोप काढली. निदान त्याला तरी माझी आठवण होती.

अशात एका सकाळी कचेरीत एक बहीण-भाऊ आले. बहीण मोठी. तिला सगळे अक्का म्हणत. जन्मभर कपडे शिवून आता ती घरी बसली होती. भाऊ धाकटा, म्हणून त्याचं नाव छोट्या. पण हा छोट्या चांगला सहा फूट उंच, टक्कल पडलेला आणि पाठीवर औषधांची पिशवी घेतलेला गृहस्थ होता.

"वाट चढाची आहे का हो?" त्याने काळजीने विचारलं.

"तिसऱ्या बेटावर आहे थोडी," ताई म्हणाल्या. "कड्याच्या बाजूने दोर बांधलाय, पण वाट एका माणसापुरतीच आहे."

"ऐकलंस, अक्का? तू आपली बोटीतच बस."

"बोटीत बसायला कशाला येऊ? घरी बादलीत बसले असते," अक्का म्हणाली. मग तिने आवाजाच्या दिशेने ताईंकडे तोंड केलं. "माझ्या शिलाई मशिनच्या वर एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी मी ते काढलं नाही. त्यात तुमच्या त्या दरवाजाचं चित्र होतं. मान दुखली की मी वर बघायचे आणि म्हणायचे, एकदा तिथे जाऊन उभं राहायचं. आता डोळ्यांना सगळं धूसर दिसतंय. डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस राहायचं नाही. म्हणून म्हटलं, आत्ताच जाऊन यावं."

छोट्या जमिनीकडे बघत राहिला. ताईंनी हळूच विचारलं, "आता काय काय दिसतं तुम्हाला?"

"माणसांचे चेहरे नाही दिसत. भडक रंग तेवढे कळतात. हा छोट्या मेला नेहमी राखाडी शर्ट घालतो, म्हणून सारखा हरवतो."

ताई उठल्या, दार ओढलं आणि मला बाहेर काढलं. माझ्यावरचे मांजराचे केस झटकले आणि मला अक्कासमोर उघडलं.

"अगंबाई! पिवळी!" अक्का म्हणाली.

मित्रांनो, एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या दोन बेटांवर आम्ही झोकात फिरलो. ताई मला उंच धरून पुढे, मागे अक्का, तिच्या मागे "दगड आहे, अक्का", "खड्डा आहे, अक्का" करत छोट्या. "तू वाट सांगतोस की भीती घालतोस?" असं तिने शेवटी विचारलंच.

पण तिसऱ्या बेटाची ती वाट आणि खाली फेसाळणारं पाणी बघताच छोट्या दोन पावलं मागे सरला. उंचीची त्याला लहानपणापासून भीती होती. तो पायथ्याच्या दगडावर बसला. "तू जाऊन ये. मी... मी पिशवी सांभाळतो."

आम्ही निघालो. अक्का एका हाताने दोर धरून, नजर माझ्यावर ठेवून सावकाश चढत होती. अर्धी वाट सरली आणि कड्याच्या वळणावर वाऱ्याचा असा झोत आला की मी उलटीच झाले. कडकड करून माझ्या दोन काड्या मोडल्या, कापड टरकलं. ताईंनी मला चटकन छातीशी धरलं, म्हणून मी समुद्रात गेले नाही.

अक्का जागीच थांबली. "ताई, पिवळं कुठे गेलं? मला काहीच दिसत नाही." मागे लोक खोळंबले होते. बाजूला येऊन तिचा हात धरावा, तर दोघांनी शेजारी शेजारी चालण्याइतकी जागा नव्हती.

"घाबरू नका. थोडं थांबू आणि सावकाश खाली उतरू," ताई म्हणाल्या. अक्काने मान हलवली, पण तिचे ओठ घट्ट मिटले होते. आता परत गेली, तर पुन्हा येणं होणार नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

तेवढ्यात खालून आवाज आला, "अक्का, हलू नकोस! मी येतोय!"

छोट्या येत होता. कड्याला पाठ चिकटवून, खेकड्यासारखा आडवा आडवा. लोकांनी अंग चोरून त्याला वाट दिली. अक्कापाशी पोचल्यावर त्याने डोळे मिटून तिला ओलांडलं आणि ताईंना म्हणाला, "ते कापड द्या इकडे. माझी पाठ मोठी आहे, तिला दिसेल."

ताईंनी माझं कापड काड्यांपासून सोडवलं. छोट्याने ते खांद्यांवरून पाठीवर सोडलं, पुढे घट्ट गाठ मारली आणि बहिणीकडे पाठ करून उभा राहिला.

"दिसतंय का?"

"दिसतंय," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "छोट्या, अरे तू थरथरतोयस."

"वाऱ्याने हलतंय ते कापड. तू चल गुमान. आणि मला खाली बघायला सांगू नकोस."

त्याच्या पाठीला चिकटून मी वर चढले. त्याचं काळीज किती धडधडत होतं, ते फक्त मला कळत होतं. तो एकेक पाऊल टाकायचा, थांबायचा, मागची चाहूल घ्यायचा, पुन्हा पाऊल टाकायचा. असे आम्ही माथ्यावर पोचलो.

अक्का दरवाजात उभी राहिली. दोन काळे पट्टे आणि मध्ये लख्ख उजेड, एवढं तिला दिसलं. तिने दोन्ही हात पसरून दोन्ही दगडांवर ठेवले, कापडाचा पोत बघावा तशी बोटं फिरवली. समोर वारा घोंघावत होता, खाली लाटा फुटत होत्या.

"कसं आहे, अक्का? चित्रासारखं दिसतंय का?" छोट्याने विचारलं.

"चित्रात आवाज कुठे होता रे?" ती म्हणाली. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसत होती. "ये, तूही उभा राहा माझ्या शेजारी."

तो उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने उंचावरून समुद्र पाहिला. मागे उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नावाडीमामांनी खालून, कशासाठी ते ठाऊक नसतानाही, भोंगा वाजवला.

परतीच्या बोटीत ताई मोडलेल्या काड्यांकडे बघून हळहळल्या, तेव्हा अक्काने माझं कापड मांडीवर ओढून घेतलं. पर्समधून सुई काढली. छोट्याने दोरा ओवून दिला, आणि धक्का येईपर्यंत तिने नुसत्या बोटांनी चाचपत ती फाटलेली जागा शिवून काढली. काड्या नंतर एका सायकलवाल्याने जोडल्या. आता मी उघडताना किंचित कुरकुरते, पण ताठ उभी राहते.

मित्रांनो, हल्ली मी दारामागे नसते. रोज सकाळी ताई धक्क्यावर मोठ्याने विचारतात, "आज कुणाला छत्री हवी आहे का?" सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघतात. मग एखादे आजोबा हात वर करतात, एखादी बाई म्हणते, "मला कानाने कमी ऐकू येतं, चालेल का?" गेल्या मोसमात अक्का आणि छोट्या पुन्हा येऊन गेले. अक्काला आता उजेडच तेवढा कळतो, तरी दोर धरून, छोट्याच्या आवाजामागे ती हसत वर चढली. आणि छोट्या? तो सबंध वाटभर इतरांना सांगत होता, "उंचीचं काय एवढं? सवय लागते माणसाला."

तुम्हीही कधी अशा बेटांवर याल. तिथल्या दगडांवर आपली नावं कोरू नका, त्यांनी खूप सोसलंय. माझ्यासारखी एखादी मोडकी वस्तू घरात असेल, तर ती टाकण्याआधी एकदा तिला उन्हात नेऊन उघडून बघा. आणि वाटेत तुम्ही सगळ्यांच्या पुढे असाल, तर जरा हळू चाला. मागे कुणीतरी फक्त तुमच्याकडे बघून पाऊल टाकत असेल.