थंड पाणी आणि मीठ

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात मला सगळे डागांचे डॉक्टर म्हणतात. पू असो, आयोडीन असो, चादर माझ्या हातून कोरी होऊन जाते. रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो, त्याला थंड पाणी आणि मीठ लागतं. लेक सहा वर्षांची असताना तिचा गुडघा फुटला, तेव्हाच तिला हे शिकवलं. बाकी जे शिकवायला हवं होतं, त्याची मात्र मी चालढकल केली.

तिची आई त्याच्या आदल्या वर्षी बाळंतपणात गेली. रक्त थांबेना. बाळही गेलं. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्या दिवसाबद्दल दोघांच्याही तोंडाला कुलूप.

लेकीला अकरावं लागलं तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी मला गाठलं आणि पॅडचं पाकीट हातात कोंबलं.

"पोरीला आजच सांगा. आईचं रक्त पाहिलंय तिनं. उगाच भलतंसलतं मनात घेईल."

"सांगतो ना, सिस्टर."

कसला सांगतोय! पाकीट कपाटावर साबणाच्या डब्यामागे सरकवलं. वाक्य तेवढं पाठ केलं: बाळा, प्रत्येक मुलीला दर महिन्याला रक्त जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इस्त्रीच्या यंत्रासमोर शंभरदा म्हटलं. घरी आलो की कधी तिची परीक्षा असायची, कधी माझं डोकं दुखायचं. परक्यांच्या रक्तात कोपरापर्यंत हात घालणारा शूर माणूस मी!

पुढे पुढे पोरगी भलतीच शिस्तीची झाली. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: पीठ, साखर, मीठ. मला बटण लावायला बसवलं.

"बाबा, गाठ अशी मार. आता तू करून दाखव."

दोनदा चुकलो तर रडवेली होऊन ओरडली. मी हसलो. "अगं आजीबाई, तू आहेस की लावायला." तिनं सुई परत माझ्या हातात दिली. त्या दिवसांत शाळेला जाताना ती रोज कोपऱ्यावर थांबून, मागे वळून हात हलवायला लागली. मला बरं वाटायचं.

एका रविवारी सकाळी कपडे भिजवताना तिची चादर हाती आली. मधोमध धुतलेल्या डागाची फिकट पिवळसर कडा. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. थंड पाणी, मीठ, हलका हात, आणि एकदा नव्हे, निदान तीन-चारदा. काम इतकं नेटकं होतं की क्षणभर मला कौतुकच वाटलं. मग डाग कसला ते लक्षात आलं आणि चादर घेऊन तसाच तिच्याकडे गेलो.

ती खिडकीशी अभ्यास करत होती. माझ्या हातातली चादर बघून तिनं पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार महिने. थांबतं, परत येतं." मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "आईसारखंच आहे, बाबा. फक्त हळूहळू. सांगणार होते, पण आधी तुला सगळं जमायला हवं ना. बटण जमलं. तुझ्या गोळ्यांच्या वेळा राहिल्यात."

पाठ केलेलं वाक्य तेव्हा कुठे तोंडातून निघालं. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"म्हणजे मी मरणार नाही?"

"नाही गं राजा."

मी कपाटावरचं पाकीट काढून दिलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ बघत राहिली.

"हे कधी आणलंस?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं तेच सांगितलं. "आठ महिने झाले."

पाकीट घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. मग रडण्याचा आवाज आला. मी दारावर हात ठेवून उभा राहिलो.

"बाळा, दार उघड. चुकलो मी."

ती आतून बोलली.

"कोपऱ्यावरून रोज हात हलवायचे ना, बाबा? ते शेवटचं म्हणून हलवायचे."